बापाच्या बीजाला लेकीचं दूध

नोकरीची बत्तीस वर्षं मी लोकांना एकच उत्तर देत आले, "लॅबमध्ये असते." त्यामुळे सोलापूरच्या पूर्व भागातले आमचे निम्मे नातेवाईक मला रक्त-लघवी तपासणारी बाई समजतात. लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी शेजारी येऊन बसायचं आणि हळूच विचारायचं, विजयाक्का, उपाशीपोटी शुगर एवढी आली, काय करू? मीही भात कमी करा म्हणून सांगून टाकायची. खरं काय ते सांगायचं तरी कसं? वडील चादरीच्या मागावर, आई विड्या वळायची. दोघं गेले तेव्हाही आपली बी.एस्सी. झालेली थोरली लेक वळूंचं वीर्य गोठवते, हे त्यांना कुणी धड सांगितलेलं नव्हतं. आईला अंदाज असावा. कारण दर दसऱ्याला ती माझ्या हातात झेंडूची माळ द्यायची आणि म्हणायची, तुमच्या त्या जनावरांना घाल.

आता निवृत्त झाले आहे, आणि या अंकाच्या संपादकबाईंनी मोकळेपणानं लिहायची अटच घातली आहे. तेव्हा लाजायचं काही कारण उरलेलं नाही.

काम समजायला अवघड नाही. वळूचं वीर्य घ्यायचं, त्यात किती जीव आहे ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि मग ते डायल्यूटरमध्ये पातळ करायचं. डायल्यूटर म्हणजे अंड्याचा पिवळा बलक, थोडी साखर, थोडे क्षार आणि ग्लिसरीन. बलक आणि ग्लिसरीन मिळून बीजाला थंडीपासून राखतात. हे मिश्रण बॉलपेनच्या रिफिलीएवढ्या नळ्यांत भरतात, त्यांना आम्ही कांड्या म्हणतो. सावकाश थंड केलेल्या कांड्या शेवटी द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत जातात. तिथं त्या वर्षानुवर्षं राहतात. गाय माजावर आली की एक कांडी कोमट पाण्यात वितळवायची आणि गाय भरवायची, म्हणजे ते बीज नळीनं तिच्या गर्भाशयात सोडायचं. गावोगावचे डॉक्टर जे करतात त्याच्या मागचं अर्धं काम आमच्याकडं चालायचं.

हे झालं जिवंत वळूचं. मेलेल्या वळूचं काम आमच्या लॅबमध्ये कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्याकडं आलं. वळू मेला म्हणून त्याचं बीज लगेच मरत नाही. वृषणाला चिकटून एक लांबलचक गुंडाळलेली नळी असते, तिच्या शेपटाशी तयार बीज साठून निजलेलं असतं. वेळेत काढलं आणि नीट गार ठेवलं तर ते दिवसभर टिकतं. आमच्याकडच्या उन्हात तसंच राहिलं तर काही तासांत खेळ खलास.

‘नीट गार’ या दोन शब्दांनीच माझी पहिली फजिती केली. बार्शीकडच्या एका शेतकऱ्याचा लांब शिंगांचा, जातिवंत रेडा अचानक गेला. मी फोनवर सांगितलं, डॉक्टरांकडून वृषण काढून घ्या आणि गार ठेवून घेऊन या. तो भला माणूस मोटारसायकलवर आला, मागं कुल्फीवाल्याची अख्खी पेटी बांधून. पेटीत बर्फ आणि खडेमीठ ठासून भरलेलं, आणि मधोमध त्याच्या रेड्याचं सगळं धन दगड होऊन बसलेलं. "बाई, लई गार ठिवलंय बगा," तो अभिमानानं म्हणाला. आत काहीही उरलेलं नव्हतं. चूक त्याची नव्हती. मी गार म्हणाले, किती ते सांगितलं नाही. त्याला ते समजावताना माझी मान वर होत नव्हती.

त्यानंतर मी एक वाक्य पाठच केलं : कोरड्या कापडात गुंडाळा, पिशवीत घाला, फ्रिजात भाजीच्या कप्प्यात ठेवा, बर्फ लागू देऊ नका. यातल्या भाजीच्या कप्प्यावरून किती घरांत भांडणं झाली असतील देव जाणे. एका बाईंनी नवऱ्याच्या हातून फोन घेऊन मला सांगितलं, की ती वस्तू फ्रिजात गेली तर मी फ्रिज घेऊन माहेरी जाईन. उजनीच्या काठावरच्या एका केळीवाल्याचा फोन तर मी अजून विसरले नाही. त्याचा बारा वर्षं औताला असलेला बैल गेला होता. बैल म्हणजे लहानपणीच खच्ची केलेला, त्याच्यात बीज कुठून येणार? हे त्यालाही माहीत होतं. तरी तो विचारत होता, काय थोडं राहिलं असंल तर बगा की. मी नाही म्हणाले आणि फोन ठेवला.

पण लिहायचं आहे ते गिड्ड्याबद्दल.

गिड्डा हा दुधनीच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला लागून असलेल्या एका गावातला खिल्लार वळू. कानडीत गिड्डा म्हणजे बुटका. जन्मला तेव्हा लहानसा होता म्हणून ते नाव पडलं, आणि पुढं त्याचं वशिंड माझ्या डोक्याच्या वर गेलं तरी नाव तेच राहिलं. मालक शिवलिंगप्पा, सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं. त्यांच्या घरी तीन पिढ्या हा वंश सांभाळलेला. बाकीचं गाव जर्सीच्या मागं लागलं होतं, पण ज्यांना काटक, कोसा म्हणजे करड्या-पांढऱ्या रंगाचं, देखणं जनावर हवं ते गाय घेऊन अप्पांच्या दारात यायचे.

दोन वर्षं मी अप्पांच्या मागं लागले होते, की गिड्ड्याला महिनाभर सोलापूरला पाठवा, आम्ही कांड्या भरून ठेवतो. अप्पा लिंगायत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बोलणं मोजकं. वळू म्हणजे त्यांच्या लेखी बसवण्णा, साक्षात नंदीच. ते म्हणायचे, "अक्का, जित्याजागत्या देवाला काय डब्यात भरून ठेवायचं?" गिड्ड्याचे गोऱ्हे तर होते की, असं म्हटलं तर ते सगळे गिऱ्हाइकांकडं जाऊन खच्ची होऊन औताला लागलेले. एखादा राखून ठेवू, असं अप्पा दरवर्षी म्हणायचे. गिड्डा आठ वर्षांचा, धडधाकट. घाई कुणाला होती?

एका सकाळी सातच्या सुमाराला तिथल्या तरुण डॉक्टरांचा फोन आला. दावं तोडून गिड्डा कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात शिरला होता. खोडाला कोवळे फुटवे आले होते. ते विषारी असतात हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण गिड्ड्याला कोण सांगणार? डॉक्टर पोचेपर्यंत जनावर आडवं होऊन गेलंही होतं. अप्पा बोलायच्या स्थितीत नाहीत, डॉक्टर म्हणाले, पण त्यांनीच तुम्हाला बोलवायला सांगितलंय.

मी लॅबमध्ये त्या दिवसासाठी केलेला डायल्यूटर फ्लास्कमध्ये घेतला. छोटा सूक्ष्मदर्शक, थर्मामीटर, औषधांच्या बाटल्या आणि बर्फाची पेटी जीपमध्ये टाकली आणि निघाले. वाटेत डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. घरच्यांची एक अट होती. त्यांच्यात माणूस गेलं तरी जाळत नाहीत, पुरतात, आणि गिड्ड्यालाही ते घरच्या माणसासारखंच मातीत ठेवणार होते. त्याच्या अंगाचा तुकडाही गावाबाहेर जाणार नाही. जे काय करायचं ते इथं करा, आणि उरलेलं सगळं दिवस मावळायच्या आत त्याच्या खड्ड्यात परत आलं पाहिजे.

मी असं काम लॅबबाहेर कधी केलं नव्हतं. पण नाही म्हणायला वेळही नव्हता.

पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. गिड्ड्याला अंघोळ घालून विभूती लावलेली, गळ्यात बेलाची माळ. अप्पा त्याच्या डोक्याशी बसून होते. मला बघून त्यांनी फक्त हात जोडले. डॉक्टरांनी चादरीचा आडोसा करून वृषण काढले. ते कापडात गुंडाळून मी पेटीत बर्फापासून लांब ठेवले. घराच्या कट्ट्यावर मला जागा करून दिली होती. तिथं मी सामान मांडलं आणि फ्लास्क उघडला.

अप्पांच्या बायकोला, नीलव्वांना, सगळे अव्वा म्हणतात. सत्तरीच्या, ठेंगण्या, डोक्यावरून पदर. त्या माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "ह्ये पिवळं काय हाय, अक्का?"

माझ्या कानाशी डॉक्टर पुटपुटले, औषध म्हणा. सल्ला अगदी व्यवहाराचा होता. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत जन्मात कधी अंडं आलं नव्हतं. इथं तर मी ते त्यांच्या बसवण्णाच्या बीजात मिसळणार होते. औषध म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं, आणि माझं काम सरळ झालं असतं. दोन वर्षं मागं लागून न मिळालेली गोष्ट माझ्या पुढ्यात होती आणि ऊन चढत होतं.

मला अजून नक्की सांगता येत नाही, की मी खरं का बोलले. कदाचित त्या कुल्फीच्या पेटीमुळं. त्या माणसालाही मी अर्धंच सांगितलं होतं.

"अंड्याचा बलक आहे, अव्वा," मी म्हणाले.

"तत्ती?" कानडीत अंड्याला तत्ती म्हणतात. अंगणातली कुजबुज थांबली. अप्पांनी मान वर केली. डॉक्टर माझ्याकडं असं बघायला लागले, की आता जीपमध्ये बसा आणि चला.

अव्वा थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "दुसऱ्या कशात हुईत न्हाई का?"

आणि मला एकदम दूध आठवलं. मी नोकरीला लागले तेव्हा आमचे जुने प्रमुख तंत्रज्ञ होते, त्यांनी हौसेनं मला दुधातली पद्धत शिकवली होती. साय काढलेलं दूध ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ तापवायचं, कारण कच्च्या दुधात बीजाला मारणारा एक घटक असतो. मग निववून, गाळून, त्यात ग्लिसरीन घालायचं. बलकाची सर त्याला नाही, आणि दुधात थेंब बघणं म्हणजे धुक्यात समोरची गाडी बघणं. म्हणून ती पद्धत आमच्याकडं केव्हाच बंद पडली होती. शेवटचं कधी केलं होतं तेही मला आठवत नव्हतं. बलकानं यश बऱ्यापैकी खात्रीचं होतं. दुधानं मी गिड्ड्याची एकुलती एक संधी माझ्या जुन्या आठवणीवर लावणार होते.

मी अव्वांना हेही सांगितलं. दुधात जमेलच असं नाही. त्या म्हणाल्या, न जमू दे, पण देवाला बाटवून नको. आणि आत वळून सुनेला हाक मारली.

दूध आलं ते गंगीचं. गंगी गिड्ड्याची लेक, महिन्यापूर्वीच व्यालेली. खिल्लार गाय दूध देणार ते केवढं, पण त्या सकाळचं तांब्याभर निघालं होतं. अव्वांच्या स्वयंपाकघरात मी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुधाचं भांडं ठेवलं आणि थर्मामीटर धरून बसले. साय मी काढत होते तर अव्वांनी चमचा हातातून घेतला. म्हणाल्या, ह्ये काम आमचं. खरंच, त्यांनी काढली तशी साय मला जन्मात काढता आली नसती. गाळायला त्यांनी कपड्यांच्या पेटीतलं कोरं कापड फाडून दिलं. ग्लिसरीनची बाटली उघडली तेव्हा हे कशाचं, असं पुन्हा विचारलं. मी चष्मा लावून लेबल वाचलं. वनस्पतीचं होतं. एवढ्या सगळ्यात मला त्याच एका गोष्टीचा जास्त आनंद झाला.

मग कट्ट्यावर आडोशाला बसून मी वृषण स्वच्छ केले, नळीचं शेपूट सोडवलं, बारीक छेद देऊन साठा गोळा केला. दुधात मिसळण्याआधी एक थेंब कोमट सलाइनमध्ये घेतला आणि काचपट्टी तळहातावर ऊब देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. नळीत असेपर्यंत बीज निजलेलं असतं. पातळ झालं की जागं होतं. सुरुवातीला काहीच हललं नाही. मग एका कडेला चुळबूळ झाली, आणि बघता बघता सगळा थेंब धावायला लागला.

मी अप्पांना बोलावलं. ते उठून आले, वाकले, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले.

"ह्ये गिड्ड्याचं हाय?"

"व्हय, अप्पा. जिवंत आहे."

त्यांनी अव्वांना बघायला बोलावलं, मग सुनेला, मग अंगणातल्या माणसांना. ओळच लागली. ऊन चढतंय, घाई करा, असं डॉक्टर म्हणाले. पण मी त्या ओळीला नाही म्हणू शकले नाही, आणि शेवटी काचपट्टी वाळली तेव्हाच ओळ मोडली. माझ्या उभ्या नोकरीत माझ्या कामाकडं कुणी ओळ लावून बघितलं ते तेवढंच.

उरलेलं सगळं पांढऱ्या कापडात बांधून मी अप्पांच्या हातात दिलं आणि त्यांनी ते गिड्ड्यापाशी ठेवलं. माझ्या दुसऱ्या, कोऱ्या थर्मासमध्ये आता गंगीच्या दुधात मिसळलेलं गिड्ड्याचं बीज होतं. निघायची घाई होती, तरी अव्वांनी मला खड्ड्यापाशी नेलं आणि मूठभर माती टाकायला लावली.

लॅबमध्ये आमचे नवे साहेब वाट बघत होते. माणूस चांगला, पण कागदाचा पक्का. दूध ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, विजयाताई, याची नोंद मी कुठल्या रकान्यात करू? मी म्हटलं, रकाना नसेल तर आखा. सावकाश गार करून, संध्याकाळपर्यंत मुरवून कांड्या भरल्या. एकेचाळीस झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यातली एक वितळवून बघितली. शंभरातली चाळीसेक हलत होती. धड नापास नाही, आणि मिरवावं असंही नाही. साहेबांनी रकाना आखला.

खरी परीक्षा पुढंच होती. गंगीला अर्थातच वगळून, गावातल्या तीन निवडक गाई गिड्ड्याच्या कांड्यांनी भरवल्या. तिन्ही उलटल्या, म्हणजे तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आल्या. साहेब हळूच म्हणाले, अंड्यात केलं असतं तर... आणि वाक्य अर्धंच सोडलं. ते अर्धं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. जेवताना, भांडी घासताना मला वाटायचं, की मी खरेपणाची हौस भागवली आणि किंमत त्या मुक्या जनावराच्या वंशानं मोजली. कांड्या मोजक्या, त्यातल्या तीन गेल्या. अप्पांचा एकही फोन आला नाही. त्यांनी दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

मग मी डॉक्टरांशी बोलून वेळ बदलली. दुधातलं, त्यातून मेलेल्या वळूचं बीज, त्याला गायीच्या पोटात फार वाट बघायला लावायची नाही, म्हणून माजाच्या अगदी शेवटाला भरायला सांगितलं. पुढच्या चार गाईंतल्या दोन गाभण राहिल्या. डॉक्टरांनी तपासून फोन केला तेव्हा मी लॅबमध्येच रडले. साहेब उठून बाहेर गेले आणि चहा घेऊन आले.

पहिल्या गायीला कालवड झाली. दुसरी गाय अप्पांच्या भावकीतलीच, तिला गोऱ्हा झाला, लहानसा.

निवृत्तीनंतर गेल्या वर्षी मी तिकडं जाऊन आले. गोऱ्ह्याचा आता तरणा वळू झाला आहे आणि तो अप्पांच्याच दावणीला आहे. कोसा रंग, सरळ पाठ, बघण्यात तोच तोरा. त्याला औताला लावायचा विषयच निघाला नाही. अप्पा थकले आहेत. त्यांनी आपणहून सांगितलं, की ह्याला पुढच्या महिन्यात सोलापूरला न्या, पायजेत तेवढ्या कांड्या भरा. मी म्हटलं, अप्पा, देवाला डब्यात भरायचं? ते हसले आणि म्हणाले, डब्यातनंच आलाय की.

निघताना अव्वांनी ओटी भरली. खण, नारळ आणि गिड्डा शिरला होता त्याच रानातली पसाभर ज्वारी. पदर आवळून घेत मी त्यांना इतक्या दिवसांची मनातली गोष्ट बोलून दाखवली. त्या तीन गाई उलटल्या तेव्हा मला वाटलं होतं, की त्या दिवशी औषध म्हणून वेळ मारून न्यायला हवी होती.

अव्वा माझ्याकडं बघत राहिल्या, त्या दिवशी बघत होत्या तशाच.

"तू डबा उगडलास तवाच मला वास आला हुता," त्या म्हणाल्या. "आमाला तो वास लांबनं कळतोय. तू काय म्हनतीस ते बगत हुते. औशद म्हनली असतीस तर तितंच उटवली असती तुला."

मी वाकून नमस्कार केला आणि निघाले.

दुधनीहून परतताना एस.टी.त शेजारी एक बाई होत्या. ओटीतला नारळ बघून त्यांनी कुठं गेला होता, काय करता, अशी चौकशी सुरू केली. लॅबमध्ये होते, एवढं तोंडातून गेलं, पण मी थांबले नाही. वळू, कांड्या, अंडं, दूध, सगळं सांगितलं. अक्कलकोट गेलं तरी मी सांगत होते. पुढच्या सीटवरचे दोघंही वळून ऐकायला लागले होते. सोलापूरच्या स्टँडवर उतरताना बाई म्हणाल्या, त्यांच्या गावातही असाच एक जुना वळू आहे, आता म्हातारा झालाय, तर तुमचा नंबर द्या की.

मी दिला, आणि सांगितलं, तो उभा आहे तोवर फोन करा.